बहर ओसरल्यावर

मावशी वाफ्यात उकिडव्या बसून पिटुनिया उपटत होत्या. सुकलेल्या नव्हेत, चांगल्या फुललेल्या. जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या रेघांच्या. एका हातानं मुळाशी खुरपं घालायचं, दुसऱ्या हातानं रोप ओढायचं, मुळांची माती वाफ्याच्या कडेवर दोनदा आपटून झटकायची आणि रोप मागच्या हातगाडीत टाकायचं. हातगाडी अर्धी भरली होती आणि तिच्यात एक मधमाशी अजून कामावर होती. मी रोज सकाळी त्याच बागेत फेऱ्या मारतो. त्या दिवशी न राहवून विचारलं, "मावशी, ही तर अजून फुलावर आहेत. काढताय कशाला?" मान वर न करता त्या म्हणाल्या, "फुलावर आहेत, पण यादीत नाहीत. सोमवारी दुसरी रोपं यायचीत, वाफा मोकळा पाहिजे."

हे उत्तर मला दिवसभर पुरलं. दोनच आठवड्यांपूर्वी याच वाफ्यासमोर माणसं रांग लावून उभी होती. पुष्पप्रदर्शन होतं. वाफ्यांत रंगांचे पट्टे, मधोमध सळ्यांचा नऊ-दहा फुटी मोर, त्याच्या पिसाऱ्यात खोचलेल्या शेकडो लहान कुंड्या. पोरं मोराला हात लावायला धावायची, आया त्यांना मागं ओढायच्या आणि या झटापटीतच फोटो निघायचे. प्रदर्शन संपलं, कुंड्या टेम्पोत भरून गेल्या, सांगाडा राहिला. पिसाऱ्यातल्या रिकाम्या कड्यांमधून आता पलीकडची पाण्याची टाकी दिसते. एका कड्याची तार सुटून बाहेर आली आहे. परवा माझा सदरा तिच्यात अडकून खांद्याशी फाटला.

माझं भांडण फुलांशी नाही. सदरा फाटूनही मोराशी नाही. भांडण हिशेबाशी आहे. सार्वजनिक बागेचं यश आपण तिच्या सर्वांत देखण्या पंधरवड्यावरून मोजतो: किती रोपं लावली, किती रंग होते, किती लोक आले. बाग उरलेले पन्नास आठवडेही उघडीच असते. तेव्हा तिथं कोण येतं? गुडघे सांभाळत चालणारे म्हातारे, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, घरात अभ्यासाला कोपरा नसलेली पोरं, दुपारी डबा खाऊन बाकावर आडवे होणारे कामगार. त्यांच्या वाट्याला येतात खणून ठेवलेले वाफे आणि गंजका मोर. हंगामी फुलांचं आणि शोभेच्या कलाकृतींचं सार्वजनिक बागेत काय काम आहे हे ठरवायचं असेल, तर सुरुवात या माणसांपासून करावी. बागेची परीक्षा तिच्या सर्वांत पडत्या महिन्यात घ्यावी, असं माझं म्हणणं आहे. आणि त्या परीक्षेत फुलांना सुट्टी असते. पेपर कलाकृतीला सोडवायचा असतो.

फुलं रंगासारखी वापरण्याची रीत वाटते तितकी जुनी नाही. तिच्या मुळाशी काच आहे. इंग्लंडात १८४५ साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि मोठ्या बागांमधून कोळशाच्या भट्टीवर तापवलेली काचघरं उभी राहिली. दक्षिण अमेरिकेतली पिटुनिया, ब्राझीलमधला लाल सॅल्व्हिया, दक्षिण आफ्रिकेतलं पेलार्गोनियम (नर्सरीत ज्याला सर्रास जिरॅनियम म्हणतात ते), अशी गारठा न सोसणारी रोपं काचेखाली हजारोंनी वाढवता येऊ लागली. उन्हाळा आला की ती बाहेर मांडायची, थंडी पडायच्या आत उचलायची. 'मांडायची' म्हणतो, कारण ती त्या मातीत रुजत नव्हती. सतरंजीवर बुट्टे उठवावेत तशी उठवली जात होती. १८६८ मध्ये क्लिव्हडेनच्या बागेत जॉन फ्लेमिंग या माळ्यानं बुटक्या, रंगीत पानांच्या रोपांतून मालकिणीच्या नावाची आद्याक्षरं काढली, आणि बागकामाच्या एका साप्ताहिकानं या प्रकाराला गालिच्याचं नाव दिलं. नाव चपखल होतं. गालिचा अंथरता येतो तसा गुंडाळताही येतो.

या घराण्यातलं सर्वांत लाडकं अपत्य म्हणजे फुलांचं घड्याळ. एडिनबराच्या प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्समध्ये १९०३ साली बसवलेलं घड्याळ आज चालू असलेल्यांत सर्वांत जुनं मानलं जातं. आधी त्याला फक्त तासकाटा होता. मिनिटकाटा पुढच्या वर्षी आला. दर वर्षी तबकडीवरचं चित्र बदलतं आणि त्यासाठी हजारो बुटकी रोपं हातानं लावून पुन्हा पुन्हा कातरली जातात. नायगाराजवळ १९५० पासून असं घड्याळ आहे, जिनिव्हात १९५५ पासून. मला ही घड्याळं आवडतात, कबूल करून टाकतो. वाढणं हाच ज्याचा धर्म त्या रोपाला तिथं वाढू द्यायचं नसतं, नाहीतर बाराचा आकडा पसरत पसरत तीनला जाऊन भिडेल. माळ्याचं कौशल्य पणाला लागतं ते रोपाला थोपवून धरण्यात. एखाद्या तबकडीपुरती ही गंमत छान. अख्खी बागच तबकडी झाली की माळी बाग करायचं सोडून नुसता कातरत बसतो.

गालिच्यांवरची टीकाही तितकीच जुनी. विल्यम रॉबिन्सन या आयरिश माळ्यानं १८७० सालीच पुस्तक लिहून सांगितलं होतं की कणखर, वर्षानुवर्षं टिकणारी रोपं त्यांना मानवेल अशा जागी लावा आणि त्यांना आपलं आपण पसरू द्या. दीडशे वर्षं झाली. वाद अजून तिथंच आहे, फक्त गालिच्याच्या जोडीला आता मोर आला.

हंगाम हा शब्दही मधल्या काळात सैल झाला. गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिलं की फुलायचं केव्हा हे कित्येक झाडं दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. शेवंतीला लांब रात्र लागते. एकदा हे कळल्यावर शेवंती पिकवणाऱ्यांनी काळे पडदे आणले. संध्याकाळी लवकर पडदा ओढला की शेवंतीला वाटतं दिवस लहान झाले, ती कळ्या धरते. बहर पुढं ढकलायचा असेल तर मध्यरात्री थोडा वेळ दिवे लावायचे. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी काही आठवड्यांची थंडी सोसावी लागते; ती शीतगृहात पुरवता येते. म्हणजे प्रदर्शनाची तारीख आधी ठरते आणि बहर मागून येतो. यात लबाडी नाही, उलट मोठं कसब आहे. पण एक गोष्ट हातची जाते. जपानमधल्या क्योतोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. २०२१ मध्ये तिथं २६ मार्चला पूर्ण बहर आला; बाराशे वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. हवामान बदलतंय हे आलेख बघून ज्यांच्या गळी उतरत नाही, त्यांना चेरीचं झाड सांगू शकतं. पडद्याआडून आणलेली शेवंती काय सांगणार? तिनं पाहुण्यांच्या तारखेला हजर राहायचं, बस.

मग क्यूकेनहॉफचं काय, असं कुणी विचारेलच. नेदरलँड्समध्ये लिसे इथली ही बाग १९५० साली लोकांसाठी उघडली. ३२ हेक्टरांवर दर शरदात सुमारे ७० लाख कंद हातानं लावले जातात. लावण्याची तऱ्हा बघण्यासारखी आहे: सर्वांत खाली उशिरा फुलणारे ट्यूलिप, त्यांच्यावर लवकर फुलणारे, सर्वांत वर क्रोकस. एकाच वाफ्यातून पाळीपाळीनं तीन बहर निघतात. वसंतातले जेमतेम आठ आठवडे बाग उघडी असते, मग दार बंद. कंद उपटले जातात, पुढच्या शरदात नवे लागतात. उधळपट्टी म्हणा हवं तर. पण ती बाग खोटं बोलत नाही. कंद पिकवणाऱ्यांनी आपला माल दाखवायला ती सुरू केली, तिकीट लावून ती उघडते आणि माल संपला की दार लावून घेते. तिचा पडता महिना कुणाला बघावा लागत नाही.

सार्वजनिक बागेला दार लावून घ्यायची सोय नसते. तरी नक्कल ती याच बागेची करते. नकलेत फुलं येतात, दार तेवढं राहून जातं.

आता मोराकडे वळतो. फुलांचा प्राणी करायचाच असेल तर तो कसा सांभाळावा, याचं उदाहरण स्पेनमधल्या बिलबावच्या गुगेनहाइम कलासंग्रहालयाबाहेर १९९७ पासून बसलं आहे. जेफ कून्स यांचं 'पपी'. बारा मीटरहून उंच कुत्र्याचं पिल्लू. आत पोलादी सांगाडा, सांगाड्यात माती आणि पाण्याच्या नळ्या, अंगावर सुमारे ३८ हजार रोपं. मे आणि ऑक्टोबरात, वर्षातून दोनदा, त्याचा अंगरखा बदलतो. २०२१ साली आतली पाण्याची व्यवस्था जुनी झाली तेव्हा संग्रहालयानं लोकांकडून वर्गणी गोळा केली. हे पिल्लू थोर कला आहे की नुसता बाजारूपणा, यावर भांडणारे भांडोत. मला ते थट्टेखोर वाटतं आणि म्हणूनच आवडतं. पण मुद्दा निराळा आहे. त्याला तिथं कायमचं बसवलं तेव्हा त्याच्या खाण्यापिण्याची जबाबदारीही कुणीतरी घेतली. पाणी कोण देणार, वर चढून रोपं कोण बदलणार, नळ्या खराब झाल्या तर पैसा कुठून आणणार. आमच्या मोराच्या बाबतीत उद्घाटनाचा दिवस ठरला होता. त्याच्या पुढचा एकही दिवस ठरला नव्हता.

लंडनच्या टॉवर या जुन्या किल्ल्याभोवतीच्या कोरड्या खंदकात आठ वर्षांच्या अंतरानं दोन प्रयोग झाले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २०१४ साली पॉल कमिन्स आणि टॉम पायपर यांनी तिथं सिरॅमिकची ८,८८,२४६ पॉपीची फुलं रोवली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ब्रिटनच्या आणि वसाहतींच्या प्रत्येक सैनिकामागे एक. लाल रंग उन्हाळ्यापासून खंदकात पसरत गेला, शेवटचं फूल ११ नोव्हेंबरला लागलं, मग सगळी काढून घेतली. २०२२ मध्ये त्याच खंदकात दोन कोटींवर बिया पेरल्या, खऱ्या फुलांच्या. सिरॅमिकची फुलं तारखेला हजर होती, कारण ती भट्टीतून आली होती. बियांनी तारीख पाळली नाही. दारं उघडली तेव्हा खंदक बराचसा हिरवाच होता आणि तिकीट काढून आलेल्यांपैकी काहींनी नाराजी बोलून दाखवली. फुलं आली, पण आपल्या चालीनं, एक जात ओसरली की दुसरी, अशी उन्हाळाभर.

यातलं एक निवड असं मला सांगू नका. भाजलेलं फूल मेलेल्यांची मोजदाद करायला आलं आणि मोजून झाल्यावर निघून गेलं. जिवंत फूल स्वतःच्या वेळेनं आलं. घोटाळा होतो तो जिवंत फुलाकडून भाजलेल्या फुलाचा वक्तशीरपणा मागताना, आणि लोखंडी मोरानं जिवंत फुलासारखं आपोआप मातीत जिरून जावं अशी आशा धरताना. फूल जिरतं. लोखंड गंजतं, आणि गंजायला खूप वर्षं घेतं.

पडत्या महिन्यात कलाकृती काय करू शकते हे पाहायचं तर ऑस्लोच्या फ्रोग्नर उद्यानातली गुस्ताव्ह विगेलँड यांची शिल्पं बघावीत. ब्राँझ आणि ग्रॅनाइटमधली दोनशेहून अधिक शिल्पं, आणि मधोमध एकाच दगडातून कोरलेला, १२१ मानवी आकृती एकमेकींवर रचलेला खांब. उद्यान दिवसरात्र, बारा महिने, सर्वांना मोकळं. तिथला हिवाळा लांबलचक. गुलाब कधीच गेलेले असतात. बर्फातली त्या शिल्पांची छायाचित्रं पाहिली की वाटतं, ती उघडी माणसं, एकमेकांना धरून बसलेली, पोरांना उचलून घेतलेली, संतापून पाय आपटणारं ते प्रसिद्ध पोर, ही सगळी थंडीतच जास्त जवळची होतात. उन्हाळ्यात ती फुलांच्या शेजारी उभी असतात. हिवाळ्यात ती एकट्यानं बाग चालवतात.

चंदीगडचं रॉक गार्डन तर फुलांच्या भरवशावर उभंच राहिलं नाही. नेकचंद हे बांधकाम खात्यातले रस्ता-निरीक्षक. १९५७ च्या सुमारास त्यांनी जंगलपट्टीतल्या सरकारी जागेत, कुणाला न सांगता, फुटक्या बांगड्या, बश्या, टाइल, पडलेल्या घरांचा राडारोडा गोळा करून माणसं आणि जनावरं घडवायला सुरुवात केली. सरकारला पत्ता लागेपर्यंत जवळजवळ अठरा वर्षं गेली. बेकायदा म्हणून ते पाडलं गेलं असतं. लोकांना ते आवडलं म्हणून वाचलं आणि १९७६ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यातल्या बांगड्यांच्या बायका कोणत्याही ऋतूत तेवढ्याच रंगीत असतात. रंग हवाच, आणि बारा महिने हवा, तर हे एक उत्तर. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधला वास्तुकार गाउदींचा नागमोडी बाक हे दुसरं. तोही फुटक्या टाइलांचाच, आणि त्याचा मोठा गुण असा की त्यावर बसता येतं. निदान येत होतं; गर्दी इतकी वाढली की २०१३ पासून बागेच्या त्या भागात जायला तिकीट लागतं. बाकही प्रदर्शनात जमा झाला म्हणायचा.

बसता येणं, टेकता येणं, पोरांना चढता येणं, ही मला सार्वजनिक बागेतल्या कलाकृतीची साधी कसोटी वाटते. प्रत्येक शिल्पाचा बाक करा असं नाही. पण फायबरची हरणं, फायबरच्या मशरूम-छत्र्या, आणि त्यांच्याभोवती 'हात लावू नये'च्या पाट्या पाहिल्या की प्रश्न पडतो, ही कोणासाठी आहेत? दोन उन्हाळ्यांत फायबरचा रंग उडतो, तिसऱ्यात कानाशी तडा जातो, मग आतली जाळी दिसू लागते. दुरुस्त होत नाही आणि टाकूनही देता येत नाही, कारण जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत त्या हरणाचा क्रमांक असतो.

फुलझाडांनाही पडत्या महिन्यासाठी तयार करता येतं. शिकागोचं लुरी गार्डन (२००४) आणि न्यूयॉर्कच्या जुन्या रेल्वेमार्गावरची हाय लाइन (२००९) या दोन्ही ठिकाणची लागवड पीट आउडॉल्फ या डच उद्यानकाराची. रोप निवडताना हा माणूस फुलाइतकंच वाळलेल्या देठाकडे बघतो. मेल्यावर कसं दिसेल, हा त्याचा प्रश्न. हिवाळ्यात तिथं बहुतेक झाडोरा कापत नाहीत. बोंडं, तुरे, काळे पडलेले दांडे तसेच उभे राहतात. पाखरं बी टिपतात, पोकळ देठांत किडे थंडी काढतात, आणि वसंताच्या तोंडावर एकदाच सगळी कापणी होते. उपटण्याची यादी नाही. रोपं जमिनीतच असतात, पुढच्या वर्षी पुन्हा वर येतात.

हे कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात वाळकं गवत दिसलं की लोक म्हणतात, माळी झोपलाय. तक्रार होते आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी यंत्र फिरवून मोकळं होतं. अमेरिकी अभ्यासक जोन नॅसॉअर यांनी १९९५ साली या अडचणीवर नेमकं बोट ठेवलं. लोकांना रानटी वाढ खटकते, कारण ती त्यांना दुर्लक्षासारखी दिसते. तिच्याभोवती निगा राखल्याच्या खुणा ठेवल्या तर तीच वाढ चालते. कडेनं नीट कापलेली हिरवळीची पट्टी, सरळ कुंपण, स्वच्छ वाट, एवढ्यानं काम होतं. माझ्या मते शोभेच्या कलाकृतीची खरी जागा इथं आहे. वाळलेल्या वाफ्याला मोझेकची घडीव कड द्या, मधोमध एक चांगला दगड किंवा ब्राँझचं शिल्प ठेवा, आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की हे असंच असायचं आहे. चित्राला चौकट असते तशी. आज आपण उलट करतो: फुलं भरात असतात तेव्हाच मोर आणतो, म्हणजे भरल्या ताटात आणखी वाढतो, आणि ताट रिकामं होतं तेव्हा मोरही उपाशी.

विरुद्ध बाजूला दम आहे, तो मान्य केला पाहिजे. भडक फुलांना नाक मुरडण्यात एक जुना तोरा आहे. गालिच्यांवर हसणाऱ्यांकडे बहुधा स्वतःची बाग असते. ज्याच्या खिडकीत एक कुंडी ठेवायची सोय नाही त्यानं लालभडक सॅल्व्हियासमोर उभं राहून खूश व्हावं, यात चुकलं काय? प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी एक बाई चाकाच्या खुर्चीतल्या आपल्या आईला घेऊन आल्या. खुर्ची वाफ्याच्या इतकी जवळ आणली की म्हातारीच्या गुडघ्यांना फुलं लागत होती. ती काही बोलली नाही. एका पिटुनियाच्या घशात बोट घालून ती पाच-सात मिनिटं नुसती आतल्या रेघा बघत होती. मागून फोटोवाले "जरा सरका" म्हणत होते. लेक सरकली नाही. हा लेख लिहिताना ती म्हातारी माझ्याशी सतत वाद घालते आहे.

तिची फुलं काढून घ्या असं मी म्हणत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की लेकीनं तिला पुढच्या महिन्यात आणलं तर खुर्ची कुठं नेऊन उभी करायची? खणलेल्या मातीपुढं? प्रदर्शनाच्या बाजूनं आणखी एक युक्तिवाद येतो: गर्दी येते म्हणून बागेला पैसा मिळतो आणि त्यावर बाकीचं वर्ष निघतं. निघत असेल तर उत्तमच. पण मग तो पैसा बाकीच्या वर्षात दिसला पाहिजे. बहुतेकदा तो पुढच्या वर्षीच्या आणखी मोठ्या मोरात दिसतो.

पर्यावरणाचं थोडक्यात सांगतो, कारण ते ठाऊक असूनही सोडून दिलं जातं. प्रदर्शनाला आवडणारी गच्च, दुहेरी पाकळ्यांची फुलं बहुधा अशी असतात की त्यांच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मधमाशीला तिथं पराग मिळत नाहीत, मधापर्यंत पोचायला वाटही नीट नसते. शिवाय जगभर अशी रोपं वाढवण्यासाठी पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेला पालापाचोळा, वापरलं जातं. ते दलदलीतून खणून काढतात, आणि पृथ्वीच्या जमिनीचा जेमतेम तीन टक्के भाग व्यापणाऱ्या या दलदली जगातल्या सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन धरून बसल्या आहेत. सहा आठवड्यांच्या रंगासाठी हजारो वर्षांत साठलेली माती उपसणं हा महागडा सौदा आहे. एकेरी पाकळीचा झेंडू आणि पालापाचोळ्याचं खत, एवढ्या बदलानंही बरंच साधतं.

आणि कंत्राट. खरी गाठ इथं आहे असं मला वाटतं. जिथं लागवडीचं कंत्राट निघतं तिथं पैसे बहुधा रोप लावल्याचे मिळतात, जगवल्याचे नाहीत. मग रोप जितक्या लवकर उपटलं जाईल तितकं बरं, कारण पुन्हा लावता येतं. शिल्पाचंही तसंच: बसवल्याचं बिल निघतं, दहा वर्षांनी त्याची तार कोण वळवणार याचं निघत नाही. हे उलटं केलं तर निम्मं काम होईल. जगलेल्या रोपामागे पैसे द्या. शिल्प मंजूर करताना त्याच्या देखभालीचा कागद सोबत मागा, आणि ते कायमचं नसेल तर उचलण्याची तारीख त्यावर लिहून घ्या. तात्पुरतं असण्यात कमीपणा नाही. लंडनच्या क्यू उद्यानात २००५ मध्ये डेल चिहुली यांच्या काचेच्या कलाकृती येऊन गेल्या, २००७ मध्ये हेन्री मूर यांची २८ शिल्पं आली, महिनोन्‌महिने झाडांमध्ये राहिली आणि परत गेली. हंगामी वाफे बंद करू नका. प्रवेशापाशी, खुर्ची जवळ नेता येईल असे, थोडे ठेवा आणि बाकी जागा टिकाऊ रोपांना द्या. फुलावर असलेलं रोप उपटावंच लागलं तर एक सकाळ ठरवून येणाऱ्यांना वाटून टाका. आणि निवडीच्या बैठकीत रोज खुरपं धरणारं एक माणूस तरी बसवा. मावशींना मी विचारलं होतं, तो मोर कुणी ठरवला? त्या म्हणाल्या, "आम्हाला गाडी आल्यावर कळलं."

त्या दिवशी हातगाडी घेऊन जाताना मावशी नळापाशी थांबल्या होत्या. गाडीतली पाच-सहा रोपं काढून त्यांनी कुंपणाच्या कडेला, नळाचं पाणी झिरपतं तिथल्या ओल्या मातीत खोचली आणि अंगठ्यानं दाबली. "इथं कुणी बघायला येत नाही," त्या म्हणाल्या, "इथं जगतील." तीन आठवडे झाले. वाफ्यात नवी रोपं आली आहेत, तीन-तीन पानांची, अजून बिनफुलाची. मोर आहे तिथंच आहे. नळाजवळच्या पिटुनियांनी मात्र कुंपणाची जाळी धरली आहे आणि काल मी त्यांच्यावर अकरा फुलं मोजली. बागेची वार्षिक पाहणी प्रदर्शनाच्या उद्घाटनालाच उरकून घेतात, असं ऐकतो. ती यंदा आत्ता व्हावी, आणि पाहणीला येणाऱ्यांनी मुख्य दारातून न येता नळाच्या बाजूनं यावं.